जास्तीचं ताट

१९८३ सालच्या मार्च महिन्यात प्रागच्या बालचित्रपट मंजुरी मंडळापुढे एक गंभीर प्रश्न आला. नाताळच्या जेवणावरून मधेच उठलेला लाकडी माणूस पुढचा नाताळ पाहतो की नाही? प्रश्नाची नोंद करण्यात आली आणि कॉफी मागवण्यात आली.

लाकडी माणूस वीतभर उंचीचा होता. नाव माटेय, धंदा पाणचक्कीचा. त्याची गोष्ट तिथल्या घराघरांत नाताळच्या आठवड्यात वाचली जाई, आणि वाचणाऱ्याने एखादं वाक्य गाळलं तर मांडीवरचं मूल ते भरून काढी. माटेय महाकंजूष माणूस. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे लोक घरच्या माणसांपेक्षा एक ताट जास्त मांडतात, वाट चुकून आलेल्या पाहुण्यासाठी. माटेयही मांडतो, पण पालथं. बाहेर बर्फ पडत असतो. दार वाजतं. माटेय सूप ओरपत राहतो. पुन्हा वाजतं, तो मासा खात राहतो. तिसऱ्यांदा वाजतं तेव्हा त्याचं त्यालाच काय वाटतं कोण जाणे, तो उठतो, दार उघडतो, कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला आत घेतो, ताट सुलटं करतो आणि जन्मात पहिल्यांदा हसतो. एवढीच गोष्ट.

या गोष्टीवर वीस मिनिटांचा बाहुलीपट करायचं काम मिलाडा व्होंड्रोवा या बासष्ट वर्षांच्या बाईकडे होतं. तिने तीस वर्षं बाहुल्या हलवल्या होत्या. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्याची कळ दाबायची, पुन्हा केसभर हलवायचा. चोवीस वेळा असं केलं की पडद्यावर एक सेकंद होतो. दिवस चांगला गेला तर पाच-सहा सेकंद पदरात पडतात. मिलाडा म्हणायची, "आयुष्य किती हळू जातं हे बघायचं असेल, तर माझ्याकडे या."

माटेयला दोन डोकी होती. दोन्ही तिच्या नवऱ्याने, ओल्दाने, लिंडनच्या लाकडात कोरलेली. रागीट डोकं त्याने चार दिवसांत केलं. हसऱ्याला चार महिने लागले, आणि ते झाल्यावर पंधरा दिवसांनी ओल्दा गेला. अंथरुणावर उशांना टेकून, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून तो कोरत बसे. "राग लाकडात आधीपासून असतोच," तो म्हणे, "बाकीचं लाकूड काढलं की झालं. हसू मात्र बाहेरून आणावं लागतं." ते हसरं डोकं मिलाडाने चहाच्या डब्यात कापसावर ठेवलं होतं. ते शेवटच्या प्रसंगात अकरा सेकंद दिसणार होतं. मिलाडाला या चित्रपटातून एवढंच हवं होतं. ओल्दाचं हे शेवटचं हसू लोकांनी बघावं.

आता मंडळाची बैठक.

मंडळाचे अध्यक्ष कॉम्रेड हाव्रानेक सभ्य गृहस्थ होते. योगायोगाने मिलाडाच्याच इमारतीत राहत. ते चौथ्या मजल्यावर, ती सहाव्या. लिफ्टमध्ये भेटले की टोपी काढत आणि म्हणत, "कॉम्रेड व्होंड्रोवा, कधीही या. आमचं घर म्हणजे तुमचंच घर." लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की वाक्य संपे.

त्यांच्या शेजारी लोकरीतींच्या तज्ज्ञ डॉ. श्कोपकोवा बसल्या होत्या. प्रश्न त्यांनीच काढला होता.

"पटकथेत लिहिलंय, माटेय जेवण अर्धं टाकून उठतो," त्या म्हणाल्या. "कॉम्रेड, तुम्ही कुठल्या देशात वाढलात? नाताळच्या टेबलावरून सगळ्यांचं आटपेपर्यंत कोणी उठतं का? जो उठेल तो पुढच्या नाताळाला टेबलावर नसतो. म्हणून तर सगळे पदार्थ आधीच मांडून ठेवतात. माझ्या आईने तर भांडंभर पाणीसुद्धा खुर्चीखाली ठेवलेलं असायचं."

"पण गोष्टीत तो उठतो," मिलाडा म्हणाली. "दीडशे वर्षं उठतोय."

"वाचताना उठला तर चालतं. दिसताना उठणं वेगळं. मूल विचारेल, मग माटेय मेला का? काय सांगणार?"

मिलाडाने हाव्रानेककडे पाहिलं. "कॉम्रेड अध्यक्ष, तुमचा या गोष्टींवर विश्वास आहे?"

"अधिकृतपणे कोणाचाच नाही," हाव्रानेक म्हणाले. "पण प्रेक्षकांच्या भावनेवर आमचा अधिकृत विश्वास आहे."

इथे एक खुलासा करायला हवा. जास्तीचं ताट आणि न उठणं, या दोन्ही रीती एकाच टेबलावर शेकडो वर्षं गुण्यागोविंदाने नांदत आल्या होत्या, कारण पाहुणा कधी आलाच नव्हता. तो आला तर दार कोणी उघडायचं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात शिरलाच नव्हता. मंडळाच्या डोक्यात तो पहिल्यांदा शिरला, आणि मंडळाने तो पाहुण्याच्या विरोधात सोडवला.

निर्णय झाला, माटेयने आधी पूर्ण जेवावं आणि मग उठावं.

"आणि तोवर म्हातारा बाहेर बर्फात?" मिलाडाने विचारलं.

"त्याला मफलर द्या," हाव्रानेक म्हणाले.

म्हाताऱ्याला मफलर विणण्यात आला. मिलाडा आणि तिचा कॅमेरावाला यारमिल कामाला लागले. यारमिल तिच्याच वयाचा. त्याची पाठ वाकलेली आणि जीभ मात्र सरळ. माटेयने सूप संपवलं, त्याला तीन आठवडे लागले. तळलेला कार्प मासा काट्यांसकट निवडून खाल्ला, त्याला पाच. बटाट्याच्या कोशिंबिरीला एक महिना गेला, कारण कोशिंबीर खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीची होती आणि दिव्यांच्या उष्णतेने रोज फुटायची. बाहेर रव्याचा बर्फ पडत राहिला. रव्यामुळे स्टुडिओत उंदीर झाले.

"मिलाडा," यारमिल कॅमेऱ्यामागून म्हणाला, "तीस वर्षांत मी एवढं जेवताना माझ्या बायकोच्या भावालासुद्धा पाहिलं नाही."

"कळ दाब."

"दाबतोय. पण सांग, हा माणूस बदलणार कधी? पोट भरल्यावर?"

जूनमध्ये मंडळाने तो भाग पाहिला. पडद्यावर चार मिनिटं एक माणूस शांतपणे जेवत होता आणि चार मिनिटं कोणीतरी दार वाजवत होतं. दिवे लागले.

"हा फार दुष्ट दिसतोय हो," डॉ. श्कोपकोवा म्हणाल्या.

"तो उठला असता तर दिसला नसता," मिलाडा म्हणाली.

"उठण्याचा विषय संपलाय. इतिवृत्तात आहे." हाव्रानेकनी पेन्सिल टेकवली. "दोष वाजवण्यात आहे. पाहुण्याने जेवण संपल्यावरच यावं."

"म्हणजे त्याने बाहेरून अंदाज घ्यायचा?"

"खिडकी आहे ना?"

म्हाताऱ्याने खिडकीतून डोकावून बघावं, माटेयने रुमालाने तोंड पुसलं की मग दार वाजवावं, असं ठरलं. जुलै त्यात गेला. ऑगस्टमध्ये मंडळाने पुन्हा पाहिलं. आता पाहुणा आत येत होता, बसत होता आणि त्याच्यापुढे रिकामं ताट होतं, कारण मासा संपला होता.

मंडळात अन्नपुरवठा खात्याचे एक निरीक्षकही होते. ते आजवर एक शब्दही बोलले नव्हते. आता ते म्हणाले, "रिकामं ताट दाखवता येणार नाही."

"का?"

"का म्हणून विचारताय, यातच उत्तर आहे."

बरं, थोडा मासा शिल्लक ठेवावा? मग माटेय कंजूष कसा? आणि कंजूष नसेल तर बदलायचं काय? डॉ. श्कोपकोवांनी यावर बराच विचार केला आणि त्यांना सगळ्याच अडचणी एका फटक्यात सोडवणारा मार्ग सुचला. पाहुणा पहिल्यापासूनच आत बसलेला असावा. दार वाजणार नाही. कोणी उठणार नाही. दोघं एकदम जेवतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. हाव्रानेक तर म्हणाले, "लेखकाला हे सुचलं असतं तर गोष्ट किती आटोपशीर झाली असती!"

मिलाडाने चष्मा काढून पुसला. तिला विद्यार्थीदशेतले आपले एक मास्तर आठवले. ते म्हणत, बाहुलीला दोऱ्या असतात म्हणून हसू नका, आधी आपली मान हलवून बघा.

"पण मग जास्तीचं ताट कुठलं?" तिने विचारलं. "त्या ताटावर पाहुणा बसला. म्हणजे आता ते जास्तीचं उरलं नाही."

ही शंका तिने अडवण्यासाठी काढली होती. मंडळाने ती आपुलकीने स्वीकारली.

"बरोबर आहे. आणखी एक ताट मांडा," डॉ. श्कोपकोवा म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "थांबा. दोन माणसं आणि एक ताट. तीन होतात. नाताळच्या टेबलावर विषम ताटं नसतात, मृत्यू येतो. चार करा."

"चौथं कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? सम संख्येचं."

टेबल छोटं पडलं. सुताराला बोलावून ते वाढवावं लागलं. वाढलेल्या टेबलाने दार झाकलं गेलं. हाव्रानेकनी टिपण लिहिलं की, चित्रपटात कोणी येत नाही आणि कोणी जात नाही, सबब दाराची आवश्यकता राहिलेली नाही. दार काढून तिथे भिंत रंगवण्यात आली. म्हाताऱ्याचा मफलरही काढला, कारण आत उबदार होतं. त्याला आता फारसं काम नव्हतं. तो होय-होय म्हणत मान हलवायचा. यारमिल त्याला 'मंडळाचा सभासद' म्हणू लागला.

ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचा प्रसंग राहिला. मिलाडा चहाचा डबा घेऊन बैठकीला गेली. आयुष्यात तिने मंडळापुढे कधी आर्जव केलं नव्हतं. डबा उघडून तिने हसरं डोकं हिरव्या टेबलक्लॉथवर ठेवलं.

"हे माझ्या नवऱ्याने केलंय," ती म्हणाली. "शेवटचं. तुम्ही सांगाल ते सगळं केलं. ताटं चार केली, दार काढलं. आता हे एवढं राहू द्या. अकरा सेकंद."

डोकं खरंच देखणं होतं. ओल्दाने डोळ्यांच्या कडेला तीन बारीक रेषा कोरल्या होत्या. हसण्याची सवय नसलेला माणूस पहिल्यांदा हसतो तेव्हा चेहरा कसा अवघडतो, ते त्या रेषांमध्ये होतं. अन्नपुरवठ्याचे निरीक्षकसुद्धा पुढे वाकून बघू लागले आणि त्यांच्याही तोंडावर तसंच काहीतरी उमटलं. त्यांनी ते लगेच पुसलं.

हाव्रानेक खरोखर हळहळले. "फार सुंदर काम आहे, कॉम्रेड. पण हा का हसतो?"

"पाहुणा आल्याचा आनंद."

"पाहुणा आलेला नाही. आहेच."

"मग जेवून तृप्त झाला म्हणून."

"अकरा सेकंद? आपल्याकडच्या जेवणाने?" हे निरीक्षक म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

"कारण नसताना माणूस हसतो," हाव्रानेक समजावणीच्या सुरात म्हणाले, "तेव्हा बघणारा विचारतो, कोणाला हसतो? त्याला उत्तर लागतं. माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

मिलाडाने डोकं कापसात गुंडाळलं. निर्णय एकमताने झाला.

स्टुडिओत परतल्यावर तिने डबा फळीवर ठेवला आणि कोट न काढताच बसून राहिली. यारमिलने दोन कप कॉफी केली. मग तो खणातून नियमांचं जाडं पुस्तक घेऊन आला. त्या पुस्तकाचा आजवरचा उपयोग कॅमेऱ्याच्या तिपाईखाली टेकू म्हणून होता.

"चष्मा लाव. कलम एकोणीस."

तिने वाचलं. श्रेयनामावली हा चित्रपटाचा भाग मानण्यात येणार नाही व तिला मंजुरीची आवश्यकता राहणार नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रपट संपल्यावर, नावांच्या पाट्यांमध्ये, आपण हत्तीसुद्धा नाचवू शकतो. मंडळातला एकही माणूस आजवर नावं वाचायला थांबलेला नाही. तुला काय वाटतं, माझं नाव तेरा चित्रपटांत चुकीचं कसं राहिलं?"

'बाहुल्या : ओल्द्रिख व्होंड्रा' या ओल्दाच्या नावाच्या पाटीशेजारी माटेय उभा राहिला, हसऱ्या डोक्याने. पाटी अकरा सेकंद टिकवता आली नसती, कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. तीन सेकंद. म्हणजे बहात्तर चित्रं. ती घ्यायला मिलाडाने दोन दिवस लावले, आणि त्या दोन दिवसांत यारमिल एकदाही विनोद करू शकला नाही.

चित्रपटाला उत्कृष्ट कौटुंबिक कलाकृतीचं प्रमाणपत्र मिळालं. वीस मिनिटांत कोणाचीही भावना दुखावत नव्हती. काही घडत नव्हतं, म्हणून काही चुकतही नव्हतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, साऱ्या देशाच्या जेवणाच्या वेळी, तो दूरदर्शन संचावर लागणार होता.

त्या संध्याकाळी मिलाडाने छोटं टेबल मांडलं. सूप, माशाचे दोन तुकडे, कोशिंबीर. एक ताट तिचं, एक जास्तीचं. दोन, म्हणजे सम. ताटांखाली रीतीप्रमाणे माशाचं एकेक खवलं ठेवलं. मग टीव्ही लावला. पडद्यावर एक रेघ आली, रेघेचा ठिपका झाला, ठिपका विझला. मिलाडाने संचाला वरून थापटलं, बाजूने थापटलं, शेवटी विनवलं. काही उपयोग झाला नाही.

तिला चित्रपट बघायचा नव्हता. तो तिला पाठ होता. तिला फक्त शेवटचे तीन सेकंद खरंच जातायत का, की कोणीतरी मधेच कापतंय, एवढं बघायचं होतं. यारमिल शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. तिने शाल घेतली आणि दोन मजले उतरून हाव्रानेकांची बेल वाजवली.

आत ताटांचा आवाज थांबला.

"कोण आहे?" हाव्रानेकांचा आवाज.

"मी मिलाडा व्होंड्रोवा, सहाव्या मजल्यावरची. माझा टीव्ही बिघडलाय. पाच मिनिटं बसू का?"

"अरे वा! या, या! अलभ्य लाभ!" आतून आनंदाने आवाज आला. "ऐकलंस का गं, कॉम्रेड व्होंड्रोवा आल्यात!"

"या ना, ताट मांडलेलंच आहे!" बायको ओरडली. "मासाही आहे. लाजू नका हं!"

दार उघडलं नाही.

"कॉम्रेड," जरा वेळाने हाव्रानेक म्हणाले, "आम्ही नुकतेच जेवायला बसलोय. तेव्हा... तुम्हाला माहीतच आहे."

"किल्ली आहे का बाहेर एखादी?" मिलाडाने विचारलं.

"किल्ली खुंटीवर आहे. आतल्या बाजूला."

"मी उघडते आजोबा!" एक बारीक आवाज आला. ही हाव्रानेकांची सात वर्षांची नात, रादका.

"बस खाली!" तिघंचौघं एकदम ओरडले. "उठायचं नाही! पाय वर घे!"

"पण ताट तर पाहुण्यासाठी आहे ना?"

"हो."

"आणि पाहुणी आलीये ना?"

"हो. म्हणून तर जपून खा, काटा अडकेल."

मिलाडा दाराला कान लावून उभी राहिली. आत तिचा चित्रपट चालला होता. चार ताटं, दोन माणसं, एक भिंत. तिने मनात सेकंद मोजायला सुरुवात केली. शेवटची धून वाजली. नावांच्या पाट्या.

"संपला," हाव्रानेक म्हणाले. "छान झालाय. कोणीतरी हात लांब करून बंद करा तो."

"थांबा आजोबा! तो हसला!"

"कोण?"

"माटेय! आत्ता. इथे बाजूला. असा हसला!"

"तसं काही नाही त्यात. मी स्वतः मंजूर केलाय. मासा संपव."

"पण मी पाहिलं!"

"रादका, आजोबांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

दाराच्या या बाजूला मिलाडाने तोंडावर शाल धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्याने हलत होते.

"कॉम्रेड, आहात ना?" हाव्रानेकांनी मोठ्याने विचारलं. "कोशिंबीर राहिलीये फक्त! मग बिस्किटं! मग येतोच!"

"सावकाश होऊ द्या," मिलाडा म्हणाली आणि जिना चढून वर आली.

सूप निवलं होतं. तिने ते गरम केलं, टेबलाशी बसली, रिकाम्या ताटाकडे पाहून मान तुकवली आणि पहिला चमचा तोंडात घातला. किती वर्षांत सूप इतकं चांगलं लागलं नव्हतं. निम्मं झालं असेल नसेल, तेवढ्यात बेल वाजली.

मिलाडाचे दोन्ही हात टेबलावर टेकले. गुडघे अर्धे सरळ झाले. या एका उठण्यासाठी ती मार्चपासून भांडली होती.

मग तिची नजर सूपकडे गेली. ते अर्धं होतं. वय बासष्ट. तिचा अधिकृतपणे अशा गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता.

ती पुन्हा खाली बसली.

"आले हं!" ती मनापासून ओरडली. "एवढं सूप संपलं की आलेच! ताट मांडलेलंच आहे!"

बाहेर थोडा वेळ कोणीतरी थांबलं. मग लहान पावलं जिना उतरून गेली.

सकाळी दाराशी बशीत सहा बिस्किटं होती, वर रुमाल झाकलेला. खाली कागदावर पेन्सिलीने काढलेला एक हसरा माणूस. डोळ्यांच्या कडेला तीन रेषा, अगदी बरोबर जागी. मिलाडाने तो कागद चहाच्या डब्यात ठेवला. मग जास्तीचं ताट घासायला घेतलं. त्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरं होती आणि त्या सकाळी अठ्ठेचाळीस नळांखाली अठ्ठेचाळीस स्वच्छ ताटं घासली जात होती.

माणसं मोठी गमतीची, नाही? आपल्याकडे असं काही नसतं. आपल्या दारावर ठसठशीत 'सुस्वागतम्' असतं, त्याच्या वर कोण आलंय ते बघायचं भिंग आणि आतून तीन कड्या. हसा, खुशाल हसा. फक्त टीव्हीचा आवाज जरा कमी करा. मघापासून तुमची बेल वाजतेय.